आई, दुधाची वही जपून ठेव

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

फोन केला की बाबा "सगळं मजेत" म्हणून तो आईकडे देतात, आणि बाबा समोर असले की आई काही बोलत नाही. म्हणून हे पत्र. बाबा, चष्मा लावा आणि तुम्हीच मोठ्याने वाचा.

आई, दोन वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, "ह्यांचे दुधाच्या वहीतले आकडे मुंग्यांएवढे व्हायला लागलेत." मी हसले होते. त्याआधी फोडणी करपून घरभर धूर झाला तरी बाबांना वास आला नाही, तेव्हा तू त्यांच्यावरच चिडलीस. रात्री ते झोपेत हातपाय झाडायचे. एकदा तुला लाथही बसली. वास जाणं, स्वप्नाबरोबर हातपाय हलणं, पोट साफ न होणं हे सगळं पार्किन्सन्समध्ये, म्हणजे बाबांना झालेल्या या मेंदूच्या आजारात, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. आणि अक्षर बारीक होत जाणं हेही त्याचंच लक्षण. आपल्या घरात पहिलं निदान तूच केलंस, फक्त नाव माहीत नव्हतं.

स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या जॉय मिल्न या नर्सबाईंचंही असंच झालं. नवऱ्याच्या अंगाला वेगळाच वास येतो, हे त्यांना त्याच्या निदानाच्या दहा-बारा वर्षं आधी जाणवलं. "अंघोळ नीट करत जा," म्हणून त्या मागे लागायच्या! पुढे एडिंबराचे संशोधक टिलो कुनाथ यांनी त्यांची परीक्षा घेतली. सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे वापरलेले टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले. सहाही रुग्ण बाईंनी बरोबर ओळखले, पण एका निरोगी माणसालाही रुग्ण म्हटलं. काही महिन्यांनी त्यालाही पार्किन्सन्सचं निदान झालं. आता इथे मँचेस्टरला पर्डिटा बॅरन यांचा संशोधकांचा गट त्वचेवरचा तेलकटपणा कापसाच्या बोळ्याने टिपून त्यातले बदललेले घटक शोधतोय.

बाबा, एमआरआय नॉर्मल आला म्हणजे "काही नाहीच", असं नाही हो. या आजारात तो बहुधा नॉर्मलच येतो. म्हणून तर डॉक्टरांनी तुम्हाला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं बिघडलेलं प्रथिन शोधायची चाचणी आहे. २०२३ साली हजाराहून जास्त जणांवरच्या अभ्यासात तिने सुमारे ८८ टक्के रुग्ण ओळखले. पण अजून ती मुख्यतः संशोधनातच वापरतात. तोवर निदानाची भिस्त डॉक्टरांच्या तपासणीवर आणि घरच्यांनी काय पाहिलं यावरच. पुढच्या वेळी आईला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका.

आता काकांनी पाठवलेली खाजकुइलीची पूड. काका अगदीच चुकीचे नाहीत. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतं, तुमच्या गोळीत आहे तेच. गंमत अशी, की स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिलं, म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं द्रव्य. ससे ढिम्म पडले. मग एल-डोपा, म्हणजे हेच लेव्होडोपा, टोचल्यावर उठून हिंडू लागले. गोळीची कहाणी तिथून सुरू होते. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. पण पुडीच्या चमच्यात नेमकं किती औषध गेलं हे कुणाला कळणार? वर गोळी घेतलीत तर दोन्हींची बेरीज होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि गोळी दूध-वरणाबरोबर नको. प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. जेवणाआधी अर्धा तास घ्या.

रोग थांबवणारं औषध अजून कुणाकडे नाही, हे लपवत नाही. पण वेळेवर घेतलेली गोळी आणि रोजचं चालणं यांनी दिवस पुष्कळ सोपा होतो.

आई, दुधाची जुनी वही टाकू नकोस, डॉक्टरांना दाखव. नव्या वहीत बाबांनीच लिहायचं: गोळी किती वाजता, हात किती वेळाने सैल झाला. आखीव वही घ्या, बाबा, आणि अक्षर दोन ओळींना टेकू द्या. मी नोव्हेंबरात आल्यावर तपासणार आहे, लहानपणी तुम्ही माझं शुद्धलेखन तपासायचात तसं.

तुमची,
मनू