थलपठ, सडग आणि मगवड: एका ताईंचे जाहीर आभार

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंय. म्हणून नुसतं ताई. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. माझ्यासारखं कुणी रात्री अकराला जँगोच्या, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत वेबसाइट बांधायच्या चौकटीच्या, चूक दाखवणाऱ्या पिवळ्या पानासमोर डोकं धरून बसलं असेल, तर त्याच्याही हे उपयोगी पडेल.

आईच्या बचत गटाची साइट करायला घेतली तेव्हा मला पायथन येत होतं ते जेमतेम. एका जुन्या व्हिडिओवरून शिकत होते. त्यात पानांचे पत्ते नोंदवायला यूआरएल नावाचं फंक्शन, सुरुवातीला टोपीसारखी खूण, शेवटी डॉलर. माझ्याकडे ते इम्पोर्टच होईना. तुम्ही पहिल्या फोनवर एवढंच विचारलंत, "व्हर्जन कुठलं?" जँगो 2.0 मध्ये, म्हणजे 2017 च्या डिसेंबरात, त्याच्या जागी पाथ आलं आणि 4.0 मध्ये जुनं यूआरएल काढूनच टाकलं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवसांचं रडगाणं दोन मिनिटांत संपलं.

खरी गंमत पुढे झाली. मला पत्ते मराठीत हवे होते. आईला आणि गटातल्या बायकांना लिंक वाचता यायला हवी, एवढाच हट्ट. ज्या दोघातिघांना विचारलं त्यांनी एकच उत्तर दिलं: इंग्रजीत लिही, कशाला नसता व्याप. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. "करून बघ, काय होतं ते मला सांग," म्हणालात.

काय झालं? पदार्थाचं नाव स्लगिफायला, म्हणजे नावातून पत्त्याचा तुकडा (स्लग) बनवणाऱ्या जँगोच्या फंक्शनला, दिलं तर हातात रिकामी ओळ आली. अ‍ॅस्की नसलेलं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरा-आकड्यांपलीकडचं, सगळं त्यानं गाळून टाकलं होतं. मग अलाउ-युनिकोड ट्रू केलं, म्हणजे युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या क्रमांकयादीतली अक्षरं चालू दिली. आता अक्षरं आली, पण कशी? थालीपीठाचं थलपठ. सांडग्यांचे सडग. पुरणपोळीची परणपळ. मी हसत सुटले, आईला दाखवलं, तीही हसली. मग मूगवडा आणि मूगवडी दोन्ही भरले, दोघांचं मगवड झालं, आणि एकच पत्ता दोनदा चालत नाही म्हणून डेटाबेसनं दुसऱ्याला दारातूनच परत पाठवलं. तेव्हा हसू थांबलं.

त्या रविवारी तुम्ही सांगितलेलं अजून जसंच्या तसं आठवतं. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा नमुना सांगायची खूणभाषा, थोडक्यात रेजेक्स) डब्ल्यू म्हणजे अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर. क, ख, ग ही त्याच्या हिशेबी अक्षरं. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या दृष्टीनं अक्षरं नव्हेत, चिन्हं. म्हणून ती कचऱ्यासारखी झाडली जातात. आपली अर्धी भाषा त्या झाडूखाली जाते, हे तुमचे शब्द. बरं, पाथमधला स्लग हा कन्व्हर्टर, म्हणजे पत्त्यातला तुकडा तपासून आत घेणारा, तर त्याहून सोवळा. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर चालतात. मात्रा वाचवल्या असत्या तरी तो दारात उभा राहिलाच असता. (स्लग हा शब्द मुळात वृत्तपत्राच्या कचेरीतला, आणि जँगोही अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात जन्मला, हेही तुम्हीच सांगितलंत. तेव्हा मला त्यात रस नव्हता. आता आहे.)

तुम्ही कोड लिहून पाठवू शकला असतात. पाठवला नाहीत. स्वतःचा कन्व्हर्टर म्हणजे एक छोटा क्लास, त्यात एक रेजेक्स आणि दोन फंक्शनं, एक पत्त्यातून पायथनकडे नेणारं, दुसरं पायथनकडून पत्त्याकडे, इतकं सांगून फोन ठेवलात. युनिकोडमध्ये 0900 पासून 097एफ पर्यंत देवनागरीची 128 घरं आहेत, ती रेजेक्समध्ये मी बसवली. रजिस्टर केलं. मॉडेलमधलं, म्हणजे डेटाबेसच्या आराखड्यातलं, स्लगफील्ड काढून साध्या मजकुराचं कॅरफील्ड ठेवलं. आणि ब्राउझरच्या पट्टीत, ताई, पदार्थ, तिरपी रेघ, थालीपीठ, काना-वेलांटीसकट! व्हॉट्सअ‍ॅपवर तीच लिंक टाकली की टक्क्यांच्या खुणांची माळ होते, एकेका अक्षरामागे नऊ-नऊ चिन्हं, त्याला इलाज नाही. आईला ते पटलेलं नाही.

नवीन पदार्थ भरायचं पान उघडलं की "नवीन नावाचा पदार्थ सापडला नाही" असं येत होतं, तेव्हा तुम्ही एसटी स्टँड आठवायला सांगितलंत. पाटी जुळली की जँगो पहिल्याच गाडीत चढतो, मागून नेमकी आपल्या गावची येते आहे का हे बघत नाही. ठरावीक पत्ता वर, कुठलंही नाव गिळणारा पत्ता खाली. दोन ओळींची अदलाबदल, बस्स.

ऑर्डरींचं प्रकरण मात्र अजून जिव्हारी लागतं. दिवाळीच्या तोंडावर लोक फोन करून विचारायचे, चकलीची ऑर्डर दिली होती, काय झालं? आमच्याकडे काहीच नाही. फॉर्मच्या पत्त्यात मी शेवटची तिरपी रेघ विसरले होते. जँगो मुकाट्यानं रेघ लावलेल्या पत्त्याकडे 301 नं (पत्ता बदलल्याच्या सूचनेनं) वळवत होता आणि त्या वळणावर ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवण्याचं) गेट (नुसतं पान मागणं) करून मोकळा होत होता. ऑर्डर तिथेच सांडायची. डीबग (चुका सविस्तर दाखवायची सोय) चालू ठेवून घरी एकदा जरी फॉर्म भरला असता तर जँगोनंच ओरडून सांगितलं असतं. तुम्ही रागावला नाहीत. "आता प्रत्येक फॉर्मला पत्ता हातानं लिहू नकोस, पत्त्याला नाव दे आणि यूआरएल टॅगनं बोलाव," म्हणालात. पुढे गटाच्या बैठकीत 'पदार्थ' नको 'खाऊ' हवं असा ठराव झाला, तेव्हा मी एक ओळ बदलली आणि चहा प्यायले.

आता शेवटचं, हे तुम्हाला अजून माहीत नाही. गेल्या आठवड्यात अख्खी यादीच कोसळली. नोरिव्हर्समॅच, म्हणजे दिलेल्या नावावरून जँगोला पत्ताच बनवता येईना. सुटं करत गेले तर दोषी निघाल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. दिसायला शुद्ध, पण एका काकूंच्या फोनच्या कीबोर्डनं त्यातला ऱ्या लिहिताना साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा वर्ण घातला होता. तो आपल्या 128 घरांत राहत नाही. नुसता पुसला तर पुऱ्यांच्या पुर्या होतात, तेही नको. म्हणून सेव्ह करण्याआधी ती जोडगोळी शोधून तिथे सरळ ऱ आणि हलन्त बसवते. एकेका वर्णाचा क्रमांक छापून बघायची युक्ती तुमचीच होती, पण फोन केला नाही. रात्रीचे साडेबारा वाजले होते, शिवाय मला स्वतःलाच करून बघायचं होतं.

पुऱ्यांचं पान उघडतंय. सांडगे पाठवलेत, ऊन दाखवून मगच डब्यात भरा.

तुमची,
गटातली कॉम्प्युटरवाली