अप्रोबेशन मिळालं, काळजी नको

बर्लिन, १० नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. जाड कोटही घेतलाय. फोटोत दिसला नाही कारण घरात हीटर असतो. मुख्य बातमी म्हणजे अप्रोबेशन, इथला डॉक्टरकीचा परवाना, हातात आला!

काल ड्यूटीवरून आले तर शेजारच्या आजी आमच्या दारासमोर गुडघे टेकून फुटपाथ घासत होत्या. नाझींनी मारलेल्या माणसाच्या घरासमोर इथे फरशीत दहा सेंटिमीटरचा चौकोनी दगड बसवतात. वर पितळी पत्रा, त्यावर ‘इथे राहत होते’, नाव, जन्मसाल, कुठे नेऊन मारलं ते. १९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडले, जाळले, म्हणून त्या तारखेला लोक हे दगड लखलखीत करून मेणबत्ती लावतात. एरवी पाय पडला तरी कुणी काही म्हणत नाही. बाबा, मला अजून जमत नाही, मी वळसाच घालते.

आमच्या दारातला दगड एका डॉक्टरीणबाईंचा. १९३३ च्या एप्रिलमध्येच ज्यू डॉक्टरांना सरकारी नोकरीतून काढलं आणि विम्याच्या पेशंटची मान्यताही काढून घेतली. इथे बहुतेक पेशंट विम्याचाच, म्हणजे दवाखान्याला कुलूप. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना थोडी सवलत होती, पण ३० सप्टेंबर १९३८ ला सगळ्यांचंच अप्रोबेशन रद्द झालं. सातशेएक जणांना फक्त ज्यू रुग्ण तपासायची मुभा, तीही स्वतःला डॉक्टर न म्हणवता. काही जण मुंबईला पळून आले, तर युद्ध लागल्यावर इंग्रजांनी त्यांनाच जर्मन म्हणून धरलं. आणि बरोबरीचे डॉक्टर? निम्म्याच्या आसपास नाझी पक्षात. जागा रिकाम्या होताहेत म्हणून कितीतरी तरुण डॉक्टर खूश होते. मला तेच जास्त लागलं.

यावरून ‘परत ये’ म्हणू नका. माझ्याशी सगळे नीट वागतात. ट्रेनमध्ये तो माणूस नुसता पुटपुटला होता, दादाने वाढवून सांगितलं.

पन्नास हजार पाठवलेत, आधी सोसायटीचा हप्ता भरा. साताऱ्याच्या स्थळाला नाही म्हणत नाही, पण मेपर्यंत थांबायला सांगा. तालुक्याच्या दवाखान्यात अजून डॉक्टर नाही, हे बाबांनी दोनदा लिहिलं. वाचलंय मी. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी लांबवू नका. नव्या माणसाला जानेवारीत रजा मिळत नाही. रिपोर्ट मात्र आधी मला पाठवा, रात्री कितीही वाजले तरी.

तुमची,
सुमा