मशीनचे दाते खाली जात नाहीत आणि शेरा मात्र माझ्यावर

अंबाजोगाई, जि. बीड
दिनांक : १२ डिसेंबर २०२४

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
शिलाई मशीन कंपनी

विषय : सदोष मशीन बदलून मिळणे व मेकॅनिकच्या अहवालातील शेरा रद्द होणे याबाबत

महोदय,

दिवाळीत मी तुमची मोटारवाली घरगुती मशीन १५,८०० रुपयांना घेतली. घरी पायमशीन आहे. तीस वर्षे तिच्यावर ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवले. तरी नवी घेतली, कारण खोक्यावर छापले होते की लिव्हर सरकवून दाते (खालून कापड पुढे सरकवणारे) खाली करता येतात आणि फ्री मोशन क्विल्टिंगचा, म्हणजे कापड हातांनी हवे तसे फिरवून नक्षी शिवण्याचा, फूट (सुईजवळ कापड दाबणारा पाय) सोबत मिळतो. आईची दोन इरकल लुगडी जपून ठेवली आहेत. त्यांची गोधडी करायची आहे. आई काठापासून आत आत चौकोनात धावदोरा घालायची. माझी बोटे आता हातशिलाईला साथ देत नाहीत, आणि मला वेलबुट्टी हवी आहे. लेकीचे बाळंतपण फेब्रुवारीत आहे.

आधी फूटचे सांगते. तुम्ही दिलेला फूट हाय शँकचा, म्हणजे उंच जोडणीचा आहे, मशीन लो शँकची, म्हणजे ठेंगण्या जोडणीची. फूट वर असताना टेपने मोजले तर काय दिसणार, म्हणून खाली करून मोजले : फूटच्या स्क्रूपासून सुईखालच्या पट्टीपर्यंत जेमतेम अर्धा इंच. हाय शँकला साधारण एक इंच लागतो. तुमचा फूट लावला की तो आधीच पट्टीला टेकतो, गोधडीला जागाच उरत नाही. शेवटी लातूरहून १८० रुपयांचा लो शँकचा फूट आणवला. त्याची पावती जोडली आहे.

तो बसला, तेव्हा खरा दोष कळला. लिव्हर इकडून तिकडे सरकते, 'टक्' असा आवाजही येतो, पण दाते होते तिथेच! या कामात कापड दोन्ही हातांनी आपण फिरवायचे असते. टाका लहान की मोठा हे हाताच्या आणि मोटारीच्या वेगावर ठरते. इथे मी डावीकडे वळवते आणि दाते कापड मागे ओढतात. त्या ओढाताणीत सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि तुटते. ९०/१४ नंबरच्या पाच सुया गेल्या. पाचव्या सुईचे टोक सापडले नाही म्हणून पूर्ण अस्तर उसवून पाहिले. बाळाच्या अंगावर घालायची गोधडी आहे, साहेब.

फोनवर तुमच्या ताईंनी तीन वेळा एकच विचारले : "मॅडम, फूट खाली केला होता का?" केला होता. फूट वर राहिला तर वरच्या दोऱ्याचे टेन्शन लागत नाही आणि खाली गुंता होतो, हे मी गल्लीतल्या मुलींना शिकवते. चौथ्या फोनला सल्ला मिळाला, टाक्याची लांबी शून्यावर ठेवा. ठेवली. दाते पुढे ढकलत नाहीत, पण वरखाली होतच राहतात आणि जाड गोधडीच्या अस्तराला अडकतात. दाते वर ठेवूनही काही जणी असे काम करतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी करावे. मी लिव्हरचे पैसे मोजले आहेत.

५ डिसेंबरला मेकॅनिक आले. त्यांनी लिव्हर दोनदा हलवली, खालचे झाकण उघडून पाहिले आणि "आतली दांडीच सरकत नाही" असे माझ्यासमोर म्हणाले. चहा घेतला, गेले. नंतर मोबाइलवर अहवाल आला : "मशीन ठीक. ग्राहकाला वापर समजावून सांगितला." मला कोणी काही समजावले नाही, उलट पट्टी कुठून उघडते ते मीच त्यांना दाखवले. पैशापेक्षा ही ओळ मला जास्त लागली आहे.

तरी मशीन बदलून द्यावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी. फूटचे १८० रुपये द्यावेत. तो शेरा खोडून खरा दोष लिहिलेला अहवाल लेखी पाठवावा. वापराचा व्हिडिओ पाठवू नये, तीन आले आहेत. दुरुस्तीच करणार असाल, तर मेकॅनिकने माझ्यासमोर तीन पदरी कापडावर दाते खाली करून वेल काढून दाखवावी, मगच मी सही करीन.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी मला यावे लागणार नाही.

तुटलेल्या सुया पाकिटात ठेवल्या आहेत. चार पूर्ण, पाचवी अर्धी.

आपली,
एक ग्राहक
(नाव व मोबाइल क्रमांक सोबतच्या बिलावर)

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, फूटची पावती, अहवालाची प्रत, दात्यांचे दोन फोटो