मधले तीन फूट

प्रिय मित्रा,

लेकीला शाळेत ‘बाबांचं गाव’ यावर लिहून न्यायचंय, असं परवा फोनवर सांगितलंस आणि वर म्हणालास, “कुर्डुवाडीचा कसला आलाय इतिहास? ना किल्ला, ना जुनं देऊळ.” तेव्हा मला काही बोलता आलं नाही. पण ते मनाला लागून राहिलं. म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर कागद घेऊन बसलोय.

आपलं गाव तीन फुटांमुळे वसलं. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांत साडेपाच फूट अंतर, बार्शी लाईट या छोट्या गाडीच्या रुळांत अडीच फूट. मधले तीन फूट म्हणजे कुर्डुवाडी. रूळ सारखे असते तर गाडी न थांबता पुढे गेली असती आणि तुझ्यामाझ्या आज्यांना इथे बिऱ्हाड करायचं कारणच उरलं नसतं.

पोरीला आधी नावाची गोष्ट सांग. कुर्डू हे मूळ गाव, आपण त्याची वाडी. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या रेल्वे कंपनीची मोठी लाईन पुण्याकडून येत १८६० साली सोलापूरला पोचली. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण रूळ तिच्या वाटेला गेले नाहीत, ते आपल्या माळावरून गेले. मग इथल्या स्टेशनाला नाव पडलं ‘बार्शी रोड’. म्हणजे बार्शीला जायचंय? मग इथे उतरा. लहानपणी मला याचा राग यायचा, की स्टेशन आपलं आणि नाव दुसऱ्याचं. आता वाटतं, त्या नावातच गावाचं काम सांगितलेलं होतं. पुढची पस्तीसेक वर्षं बार्शीचा माल बैलगाड्यांनी या स्टेशनावर येत राहिला.

मग आला एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. हा इंग्रज इंजिनियर आधी जीआयपीतच होता. त्याचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं: इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो की मालाचा, कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सारखा वाटला की हलका रूळ पुरतो, आणि हलका रूळ पुरला की गरीब मुलखातही रेल्वे परवडते. इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून त्याने हे डबे तिथल्या लोकांना चालवून दाखवले. मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर, आणि त्याच्या मध्ये कुठेतरी आपण. (याच कॅल्थ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. हे पोरीला नक्की सांग, तिला आवडेल.)

पण मला जे खरं सांगायचंय ते आजोबांचं. ते ट्रान्सशिपमेंटच्या शेडमध्ये हमाल होते. एका बाजूला छोटी गाडी, दुसऱ्या बाजूला मोठी, मध्ये फलाट. लातूरकडून आलेली कापसाची गाठ आकड्याने ओढायची, पाठीवर घ्यायची आणि पलीकडच्या वाघिणीत टाकायची. दिवसभर हेच. त्यांच्या उजव्या खांद्याखाली तळहाताएवढी कातडी घट्ट झाली होती, टाचेसारखी. मी लहानपणी त्यावर नखाने रेघ ओढायचो, त्यांना कळायचंसुद्धा नाही. तीन फूट म्हणतो ते हे. रुळांतला फरक माणसांच्या पाठीवरून पार व्हायचा, आणि त्या मजुरीवर आपल्या गल्लीतल्या चुली पेटायच्या. चहाच्या टपऱ्या, खानावळी, लॉज, सगळं त्याच्याच आधाराने उभं राहिलं.

आषाढीत तर गाव ओळखू यायचं नाही. मोठ्या गाडीतून उतरलेले वारकरी रात्रभर फलाटावर पडून असत, डोक्याखाली गाठोडं, शेजारी तुळस. आजी पिठलं-भाकरीची पाटी घेऊन जायची. पैसे घेतले नाहीत तिने कधी. पंढरपूरची गाडी लागली की माणसं टपावरसुद्धा चढायची. पहाटे अंधारात लांब जाणारा टाळांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

रेल्वेच्या कारखान्याचं तुला मी काय सांगावं, तू तिथल्या फिटरचा मुलगा. १ जानेवारी १९५४ ला लाईन सरकारने घेतली, कंपनी गेली, पण घराघरांतली घड्याळं कारखान्याच्या भोंग्यावरच लागत राहिली.

नव्या शतकात रुंदीकरण झालं. पंढरपूर, लातूर, मिरज, सगळीकडे मोठे रूळ. लातूरचा माणूस आता रात्री बसून सकाळी मुंबईत उतरतो. हे चांगलंच झालं. कोणाच्या पाठीवर पुन्हा गाठ चढावी असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण त्या दिवशी आपल्या गावाखालचे तीन फूट निघून गेले. माल आता इथे उतरत नाही, वारकरी रात्र काढत नाहीत. गाडी दोन-पाच मिनिटं थांबते आणि जाते. गाव कशामुळे होतं हेच आता आपल्या पोरांना ठाऊक नाही, आणि तू, माझा जिवलग, म्हणतोस की इतिहास नाही. म्हणून एवढं लिहिलं.

शेडच्या जागेवर काल जाऊन आलो. बाभळी माजल्यात. फलाटाच्या कडेचे दगड मात्र शाबूत आहेत, जिथे गाठी ओढल्या जात तिथे गुळगुळीत झालेले. आषाढीला पोरीला घेऊन ये. तिला त्या दगडांवर हात फिरवू दे.

आणि एक काम कर. काकांचा कारखान्यातला पितळी बिल्ला काकूंच्या ट्रंकेत असेल, बघ. त्यावरचा नंबर मला कळव. आजोबांचा माझ्याकडे आहे, दोन्ही शेजारी ठेवायचेत.

काकूंना नमस्कार, पोरीला पापा.

तुझाच,
स्टेशनापलीकडचा