मधमाशीच्या डंखाला नशीब म्हणू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

काजू-आंबा मोहरला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात आग्या माश्या उंच झाडांना, कड्यांना, पाण्याच्या टाक्यांना मोहोळे लावतात. याच दिवसांत गावोगावी ऐकू येते, ‘आमच्या दादाशी माशीचं जन्माचं वैर आहे, कुठंही जावो, त्यालाच चावते.’ आम्हा मधपाळांना हे पटत नाही. एकाच माणसाला वरचेवर डंख होतो तेव्हा त्याला कारण असते आणि शोधले तर ते सहसा सापडते.

मधमाशीची नांगी काटेरी असते. ती कातडीत अडकते आणि विषाच्या पिशवीसकट तुटून राहते. नीट पाहिले तर तपकिरी कुसळ आणि त्याच्या बुडाशी मोहरीहून लहान, पांढुरकी पिशवी दिसते. माशी उडून गेली तरी ही पिशवी धडधडत विष आत ढकलत असते आणि बरेचसे विष पहिल्या २०-३० सेकंदांतच उतरते. म्हणून नखाने, चिमटीने, कशानेही काढा, पण लगेच काढा. खरवडायला कार्ड हवे म्हणून खिसे चाचपण्यात वेळ घालवू नका. (गांधीलमाशी नांगी सोडत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारते.)

नांगीपाशी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. बाकीच्या माश्यांना ती हाक असते. हा वास लागलेला सदरा-टोपी तशीच घालून पुन्हा मोहोळाखालून जाणाऱ्याला पुन्हा डंख झाला तर नवल काय? वासाचे तेल, काळे लोकरीचे कपडे, भिंतीत पोळे करणाऱ्या सातेरी मधमाश्यांच्या दारासमोरून रोजची ये-जा, गुऱ्हाळावर काकवीच्या भांड्याला बसलेली माशी बोटाखाली सापडणे, हीही नेहमीचीच कारणे. आग्या मोहोळ मात्र कधीकधी कुणाचीच चूक नसताना उठते. मोहोळघारीने (पोळी फोडून खाणारा शिकारी पक्षी) पोळ्यावर झडप घातली की खाली असेल तो सापडतो. पण दगड, फटाके आणि झाडाखाली पेटवलेली जेवणाची चूल हे सारे माणसाचे उद्योग.

आग्या उठल्यावर हात झाडू नका, पाण्यात उडी घेऊ नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. टॉवेल, घोंगडे, नाहीतर सदरा डोक्यावर ओढून तोंड झाका आणि सरळ रेषेत पळत घरात किंवा बंद गाडीत शिरा. दोन-तीनशे मीटरपर्यंत पाठलाग होतो, कधी त्याहूनही लांब. नांग्या काढून झाल्या की साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे ठेवा, बोटातली अंगठी आधीच उतरवा. चुना लावू नका, कातडी भाजते. डंखाची जागा दोन दिवस वाढत सुजते. नुसत्या सुजेला अँटिबायोटिक लागत नाही.

खरी भीती वेगळीच. डंख हाताला आणि पित्तासारख्या गांधी पोटावर, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, उलटी, भोवळ, यातले काही दिसले तर ती जीवघेणी ॲलर्जी समजा. यावर पहिले औषध ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, उतार न पडल्यास ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. ॲव्हिल किंवा सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या औषधाने खाज थांबते, घसा उघडत नाही. रुग्णाला आडवा ठेवा, दम लागत असेल तर बसवा, पण उभे करून चालवू नका. १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी काही तास देखरेखीखाली ठेवा, त्रास उलटू शकतो.

‘मला सवय झालीय’ म्हणणाऱ्यांची आम्हाला फार काळजी वाटते. वर्षाला शेकडो डंख सोसणाऱ्या मधपाळाचे अंग बहुधा सरावते. वर्षातून दोन-चारच डंख होणाऱ्याचे मात्र कुठल्याही खेपेला बिथरू शकते. अंगभर त्रास एकदा झाला असेल त्याने चार-सहा आठवड्यांनी ॲलर्जीतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही सांगावे, कारण तिच्यामुळे ॲड्रेनालिनचा गुण कमी येऊ शकतो.

पन्नासाच्या वर डंख असतील तर ॲलर्जी नसतानाही दवाखान्यात भरती व्हा. विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटून मूत्रपिंडावर भार येतो. लघवी काळ्या चहासारखी झाली तर एक तासही घरी थांबू नका.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मुदत न संपलेल्या ॲड्रेनालिनच्या कुप्या हाताशी असाव्यात, कुलपात नव्हे. हे औषध महागडे नाही. मोहोळे लागणाऱ्या गडांवर, धबधब्यांच्या वाटांवर आणि यात्रेच्या ठिकाणी सूचनाफलक कन्नडबरोबर मराठीतही लावावेत. पळायचे कुठे, हे माणसाला क्षणात वाचता आले पाहिजे.

आपले,
खानापूर तालुक्यातील काही मधपाळ