झटके, बुरशी आणि काळवंडलेल्या हिरड्या

मा. संपादक,
स. न.

‘शरीर स्वतःवरच उलटते’ एवढे सांगून स्वप्रतिकार आजारांची चर्चा बहुधा संपते. ते का उलटते, हे कळले तर एखादे मूल वाचू शकते, म्हणून हे पत्र.

छातीच्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते. तिथे टी पेशींची, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, परीक्षा होते. एआयआरई हे जनुक त्या ग्रंथीतच इन्सुलिनसारखी इतर अवयवांची प्रथिने थोडी थोडी तयार करवते. त्यांच्यावर चाल करू पाहणारी पेशी बहुधा तिथेच संपवली जाते. १९९७ मध्ये सापडलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की चाळण फाटते आणि घातक पेशी रक्तात उतरतात. चाळणीतून निसटलेल्यांना आवरणाऱ्या पहारेकरी पेशी वेगळ्या. त्यांच्या शोधाला २०२५ चे नोबेल मिळाले.

एआयआरईच्या दोषात तीन गोष्टी ठळक दिसतात : जिभेवरची हटवादी पांढरी बुरशी, कॅल्शियम घटून येणारे पेटके-झटके आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होणे. त्या वर्षावर्षांच्या अंतराने येतात, म्हणून तीन वेगळे आजार वाटतात. झटक्यांना फिट समजून वर्षानुवर्षे गोळ्या चालतात. साधी कॅल्शियमची तपासणी राहून जाते. अ‍ॅड्रिनल निकामी होत गेली की कातडी काळवंडते. आपल्या किनाऱ्यावर तर मूल काळवंडले की ‘उन्हात हुंदडतो’ म्हणतात. पण हिरड्या आणि तळहाताच्या रेषा उन्हाने काळ्या होत नाहीत. त्यात मूल थकलेले, वजन उतरलेले आणि सारखी खारातली कैरी मागणारे असेल, तर सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनलचे संप्रेरक), सोबत सोडियम-पोटॅशियम तपासावे. थायरॉइडही मंद असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरणारे औषध), मग थायरॉक्सिन (थायरॉइडचे औषध); क्रम उलटा झाला तर जिवावर बेतते.

आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाधित मुलाची शक्यता २५ टक्के. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरांनी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.

अ‍ॅड्रिनल निकामी झाल्याचे निदान झालेल्या मुलाला ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट करायचा. उलट्या सुरू झाल्या तर गोळी टिकत नाही. त्याच औषधाचे इंजेक्शन स्नायूत द्यावे लागते : तान्ह्याला २५, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ५०, त्यावरील सर्वांना १०० मिलिग्रॅम. पावसात घाटात दरड कोसळली की मोठे रुग्णालय तासांनी लांबते. म्हणून ही कुपी व सिरिंज त्या घरात आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मृगापूर्वीच हवी.

एक बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी