प्रवासाचं महागडं कार्ड घ्यायचं का? आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्रवासाच्या क्रेडिट कार्डाचं माहितीपत्रक खालच्या बारीक अक्षरांतल्या अटींसकट वाचलं. माझं मत आधीच सांगते, हे कार्ड तुम्हा दोघांसाठी नको. कार्ड वाईट नाही. महिन्यातून दोन-तीनदा विमानात बसणाऱ्या आणि वरचेवर हॉटेलात उतरणाऱ्या माणसाला ते परवडतं. तुमच्या जाण्यायेण्यात त्याची फी निघत नाही.

वर्षाची फी १०,००० रुपये छापलीय, पण तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून ११,८०० जातात. पहिल्या वर्षी स्वागताचे पॉइंट मिळतात, त्यामुळे फी परत आल्यासारखी वाटते. म्हणून हिशोब नेहमी दुसऱ्या वर्षाचा मांडायचा.

आता पॉइंट. दर १५० रुपयांना ५ पॉइंट आणि एका पॉइंटचा एक रुपया, म्हणून कार्ड विकणारा एजंट ‘तीन टक्क्यांच्या वर परत’ म्हणतो. पण तो रुपया बँकेच्याच पोर्टलवरून विमानाचं तिकीट किंवा हॉटेल घेतलं तरच. कार्डाच्या बिलात वळते करून घेतले तर एका पॉइंटचे ३० पैसे! आणि तुमचा कितीसा खर्च या कार्डावर जाईल? दूध, भाजी, रविवार पेठेतला किराणा हे सगळं तुम्ही क्यूआर स्कॅन करून देता. यूपीआयला फक्त ‘रुपे’ कंपनीचं क्रेडिट कार्ड जोडता येतं, हे कार्ड ‘व्हिसा’ कंपनीचं आहे. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट भरणं यांना पॉइंट नाहीत. विमा आणि हेस्कॉमच्या वीजबिलावर मिळणाऱ्या पॉइंटना मर्यादा आहे. सढळ हाताने धरलं तरी महिन्याला १५,००० रुपये बसतील. वर्षाचे १,८०,०००, म्हणजे ६,००० पॉइंट. तिकिटात वापरले तर ६,००० रुपये, बिलात वळवले तर १,८००. समोर फी ११,८००. वर्षाला ५ लाख खर्च केल्यास फी माफ आहे खरी, पण तुम्ही त्याच्या ३ लाख २० हजारांनी अलीकडे राहता. माफीसाठी खर्च वाढवायचा म्हणजे फी दुकानदाराला द्यायची.

तिकीट पोर्टलवरूनच घेण्यात आणखी एक अडचण आहे. साठीच्या पुढच्यांसाठी काही विमान कंपन्या मूळ भाड्यात सवलत देतात. ती कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ‘ज्येष्ठ नागरिक’ निवडल्यावर मिळते. बँकेच्या पोर्टलवर तो पर्याय दिसेलच असं नाही. दोन्हीकडचे आकडे समोरासमोर ठेवल्याशिवाय पॉइंट वापरू नयेत.

विमानतळावरच्या लाउंजचं, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेल्या विश्रांतीकक्षाचं, आकर्षण आईला जास्त दिसतंय. आई, लाउंजची किंमत त्यांनी छापलेली धरू नकोस. तू एरवी तिथं चहा-इडलीवर जेवढे खर्च केले असतेस, तेवढीच धर. आपलं बेळगावचं सांबरा विमानतळ त्यांच्या यादीत आहे का, ते आधी बघा. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून जायचं ठरवलंत तर चोर्ल्याचा घाट उतरून टॅक्सी करावी लागते, ते भाडं इडलीतून निघायचं नाही. शिवाय मोफत प्रवेश कार्डधारकाला असतो. सोबतच्याला ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड लागतं, नाहीतर पैसे. बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला नसेल तर मूळ धारकालाही दारातच अडवतात. आणि निपाणीपर्यंत तर तुला कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत साध्या बसचं तिकीटच नाही, त्यापेक्षा स्वस्त कुठलं कार्ड देणार आहे?

परदेशी जाणार असाल तरच गणित थोडं बदलतं. साध्या कार्डावर परकीय चलनाच्या खर्चावर ३.५ टक्के आकार आणि त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के जातात. या कार्डावर २ टक्के, म्हणजे जीएसटीसह २.३६. दोन लाखांच्या खर्चावर ८,२६० ऐवजी ४,७२०, वाचले ३,५४०. एवढ्याने फी भरत नाही, आणि हा आकार शून्य असलेली कमी फीची कार्डंही मिळतात. तिकडे दुकानदाराने मशीनवर ‘रुपयांत देणार का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात द्यायचं. रुपये निवडले की दुकानाच्या बँकेचा महाग दर लागतो.

माहितीपत्रकातला एक कोटीचा विमा हा विमान अपघाताचा आहे. आजारपण, दवाखाना त्यात येत नाही. परदेश प्रवासाचा वैद्यकीय विमा तुमच्या वयाला वेगळाच घ्यावा लागेल.

विमान-हॉटेल बुकिंगसाठी एखादं कार्ड हवंच असेल तर आजन्म मोफत असलेलं रुपे कार्ड घ्या. पगाराची स्लिप नसल्याने बँक मुदत ठेवीवर कार्ड देऊ करेल. चालेल, पण बिल थकलं तर ती ठेव मोडतात हे लक्षात असू द्या. ऑटो-पे लावताना ‘पूर्ण रक्कम’ निवडा, ‘किमान रक्कम’ नको. किमान भरली की उरलेल्यावर खरेदीच्या तारखेपासून महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाचे ४२, वर जीएसटी; नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एटीएममधून या कार्डाने पैसे काढायचे नाहीत, तिथं काढल्या दिवसापासून व्याज. ॲपमध्ये परदेशी व्यवहारांचं बटण बंद ठेवा.

बाबा, त्या एजंट मुलाने पॅन-आधारची झेरॉक्स नेली असेल तरी घाबरू नका. तुमच्या संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. घरी आलंच तर चालू करू नका. ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला ओटीपीने संमती मागावी लागते; तो ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, म्हणजे खातं विनाखर्च बंद होतं. चालू झालं असेल तर आधी बाकी भरा, मग बंद करण्याचा अर्ज ईमेलने द्या, तारखेचा पुरावा राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामाच्या दिवसांत बंद झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. ईमेलचा मजकूर मी रात्री पाठवते, तुम्ही फक्त कार्डाचे शेवटचे चार आकडे घाला.

तुमची,
ताई